हुंकाराला उत्तर

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या घरी नातू आला. दत्तक जाईपर्यंत बाळांना सांभाळणाऱ्या ज्या शिशुगृहात मी गेली नऊ वर्षे आठवड्यातून दोन दिवस जाते, तिथे त्याच महिन्यात आणखी एक मुलगा दाखल झाला. तो आमच्या नातवापेक्षा चार-पाच दिवसांनी लहान, म्हणून मी मनातल्या मनात त्याला ‘धाकटा’ म्हणू लागले. दोघेही पूर्ण दिवसांचे, दोघांची वजने जवळजवळ सारखी आणि दोघांनाही डोक्यावर दाट जावळ. सकाळी कोथरूडला घरी नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचे आणि दुपारी बसने जाऊन धाकट्याला मांडीवर घ्यायचे, असे माझे मंगळवार आणि शुक्रवार वर्षभर गेले. मी स्वतः दोन मुले वाढवली आहेत, त्यामुळे संगोपन या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. या दोन मुलांमुळे त्या अर्थाकडे मला पुन्हा पाहावे लागले आणि मला जे दिसले ते नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास नातू हुंकार देऊ लागला. दूध पिऊन झाले, ढेकर काढून झाली आणि त्याला दुपट्यावर उताणे निजवले की तो ‘आंऽगू’ असे काहीसे म्हणायचा आणि थांबायचा. त्या थांबण्याकडे मी आजी झाल्यावरच लक्ष देऊन पाहिले. आई असताना तेवढी सवड मिळाली नव्हती. तो थांबून आपल्या तोंडाकडे टक लावून बघायचा. आपण ‘हो का रे? मग पुढे काय झालं?’ असे म्हटले की त्याचे हातपाय एकदम हलायचे, ओठांचा चंबू व्हायचा, आणि तो पुन्हा काहीतरी बोलायचा व पुन्हा थांबायचा. स्वतःचे बोलून झाले की दुसऱ्याच्या बोलण्याची वाट बघायची, ही संभाषणाची रीत त्याला एकही शब्द येण्याच्या आधी येत होती. दिवसभरात सून, मुलगा, मी, माझे यजमान, तेल लावायला येणाऱ्या बाई आणि शेजारच्या काकू, असे सगळे मिळून त्याला किती वेळा उत्तर देत होतो याचा मी एकदा हिशेब करायला बसले आणि अंघोळीपासून दुपारच्या झोपेपर्यंतच तो हिशेब माझ्या हातून सुटला.

धाकट्यानेही तिसऱ्या महिन्यातच हुंकार द्यायला सुरुवात केली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झाले त्याचे खापर त्याच्या जन्मावर फोडणे फार सोपे आहे. त्याच्या खोलीत तेव्हा अठरा पाळणे होते आणि रात्रपाळीला दोन मावशी असत. लंगोट बदलणे, दूध तयार करणे, बाटल्या उकळणे, कुणाला ताप आला तर त्याच्यापाशी बसणे, ही कामे दोन जोडी हातांत मावत नव्हती, म्हणून कित्येकदा बाटली दुपट्याच्या घडीला टेकवून बाळाच्या तोंडात दिली जाई आणि बाळ छताकडे बघत दूध पिई. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण सहाव्या महिन्यात माझ्या लक्षात आले की धाकट्याचे हुंकार जवळजवळ थांबले आहेत. दूध संपले तरी तो गप्प, ओले झाले तरी गप्प. त्यांतल्या एक मावशी मला कौतुकाने म्हणाल्या, ‘हा फार गुणी आहे हो काकू, रडतच नाही. आणि कुणीही घ्या, लगेच जातो.’ आमच्या घरी मात्र त्याच आठवड्यांत नातवाने माणसे ओळखायला सुरुवात केली होती. पाहुण्यांनी उचलले की तो ओठ काढायचा आणि आईकडे झेपावायचा, आणि आम्ही पाहुण्यांची समजूत काढत होतो. घरी जो हट्ट वाटत होता आणि शिशुगृहात जो गुण वाटत होता, त्यांतले निरोगी कुठले हे मला त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर कळले आणि मी सुन्न झाले.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. बाळाशी हसत-खेळत असलेल्या आईने मध्येच काही मिनिटे चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायचा, एवढाच तो प्रयोग. आई समोरच असते आणि बाळाकडेच बघत असते, फक्त उत्तर देत नाही. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, म्हणजे आधी उपयोगी पडलेले सगळे उपाय करून बघते. काहीच फळले नाही की ते नजर वळवते आणि अंग चोरून घेते. ही अवस्था काही मिनिटांची असते आणि आई पुन्हा हसली की बाळ हळूहळू सावरते. धाकट्याच्या बाबतीत ती मिनिटे महिन्यांवर गेली होती. रडणे आणि हुंकार हे बाळाने विचारलेले प्रश्न असतात. प्रश्न विचारून उपयोग होतो हे त्याला उत्तरांमधूनच कळते, आणि उत्तर येत नाही असे पुष्कळ वेळा अनुभवाला आले की ते विचारणे सोडून देते.

आपल्या बोलण्यात या विषयासाठी पालनपोषण, जोपासना, संगोपन, सांभाळ असे अनेक शब्द आहेत. पोषणात अन्न आहे. संगोपनात ‘गुप्’ हा धातू आहे, म्हणजे राखणे, जपणे. पण मध्यमवर्गीय घरांत, निदान माझ्या ओळखीच्या पुणेरी घरांत, या सगळ्या शब्दांची जागा हळूहळू ‘संस्कार’ या एका शब्दाने घेतली आहे. संस्कार महत्त्वाचे आहेत, संध्याकाळची शुभंकरोती आणि पाढे मीही मुलांकडून म्हणून घेतले आहेत. तरी या शब्दाच्या व्याकरणाकडे एकदा पाहावे असे मला वाटते. संस्कार मुला‘वर’ केले जातात. करणारा वर असतो आणि ज्याच्यावर करायचे ते मूल खाली गप्प बसलेले असते. बोलणे मात्र मुला‘शी’ होते, खेळणे मुला‘शी’ होते, आणि या ‘शी’मध्ये पलीकडच्या बाजूलाही कुणीतरी आहे हे गृहीत धरलेले असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्याची सर्वांत जास्त गरज असते ते संगोपन या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यासाठी वर्ग काढता येत नाही आणि त्याचे प्रमाणपत्रही मिळत नाही. दोन वर्षांच्या मुलांसाठी बुद्धी वाढवणारी खेळणी आणि शिकवण्या विकत घेणारे आईबाप मनापासून मुलाचे भले चिंततात याबद्दल मला शंका नाही. पण त्या खेळण्यांपेक्षा, पोळ्या लाटताना ओट्याशी बसलेल्या मुलाच्या हातात कणकेची गोळी देऊन त्याच्या बोलण्याला हुंकार देणारी आई किंवा आजी त्याला अधिक देत असते, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर न मिळालेल्या मुलांचे पुढे काय होते, याचा सर्वांत काळजीपूर्वक केलेला अभ्यास रुमानियात झाला. १९८९ च्या डिसेंबरात तिथल्या हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा सरकारी अनाथालयांत राहणारी हजारो मुले जगाला दिसली. त्यांना अन्न, छप्पर आणि कपडे मिळत होते, पण एका बाईच्या वाट्याला इतकी मुले येत की कुणालाही कुणाचे असे माणूस नव्हते. तिथे गेलेल्या पाहुण्यांना लहान बाळांनी भरलेल्या खोल्यांमधली शांतता सर्वांत जास्त बोचली. २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधील सहा संस्थांतली १३६ मुले अभ्यासासाठी निवडली. त्यांची वये सहा ते एकतीस महिने होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतली निम्मी मुले पालक-कुटुंबांत पाठवली गेली. अशी कुटुंबे तिथे फारशी नव्हतीच, ती शोधून तयार करावी लागली. उरलेल्या मुलांना नेहमीचीच व्यवस्था मिळाली, आणि त्यांच्यापैकी कुणाला पुढे घर मिळण्याची संधी आली तर ती अडवली गेली नाही. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसांशी असलेली जवळीक आणि मेंदूतील विद्युतलहरीसुद्धा पुढच्या काही वर्षांत सुधारत गेल्या. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले त्यांच्यात ही सुधारणा सर्वांत ठळक होती. ‘कुणीही घ्या, लगेच जातो’ ही मावशींच्या तोंडची गोष्टही तिथल्या मुलांच्या नोंदींत आहे. अनोळखी माणसाच्या मागे सहज निघून जाणे हे संशोधकांनी जवळच्या माणसाच्या अभावाचे लक्षण मानले. पुढे रुमानियाने, तीव्र अपंगत्व असलेली मुले वगळता, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यावर कायद्याने बंदी घातली.

याचा अर्थ तिसऱ्या वर्षी दार बंद होते असा काढू नये. उशिरा घर मिळालेली मुलेही सुधारली, फक्त त्यांना वेळ अधिक लागला आणि काही गोष्टी पूर्ण भरून आल्या नाहीत. संस्था म्हटली की सगळे वाईटच, असाही अर्थ नाही. बुडापेस्टमध्ये एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या बालगृहात प्रत्येक बाळाची ठरावीक बाई असे आणि अंघोळ, दूध, कपडे बदलणे या प्रत्येक वेळी घाई न करता, बाळाला सांगत-विचारत, ते आपण होऊन हात पुढे करेपर्यंत थांबत सगळे करायचे, असा दंडक होता. लंगोट बदलायला लागणारी तीन मिनिटे तर कुठेही द्यावीच लागतात. त्या तीन मिनिटांत बाळाच्या तोंडाकडे बघायचे की पुढच्या पाळण्याकडे, एवढाच प्रश्न असतो. अर्थात हा प्रश्न सोडवायला पुरेसे हात लागतात, हेही तितकेच खरे.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांबरोबर कधी कधी नातेवाईक येतात आणि दबक्या आवाजात विचारतात, ‘कुणाचं रक्त असेल हो?’ खाण तशी माती, हे आपल्या मनात खोलवर रुजलेले आहे. हा प्रश्न ऐकला की मला १८७४ हे साल आठवते. त्या वर्षी लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडमधील वैज्ञानिकांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. निसर्ग, म्हणजे जन्मतः मिळालेले, आणि संगोपन ही जोडी एकमेकींसमोर उभी करून मांडण्याची प्रथा त्यातून रूढ झाली. त्यांचा कौल निसर्गाच्या बाजूने होता. १८८३ मध्ये त्यांनी सुप्रजाशास्त्र, म्हणजे निवडक माणसांचीच संतती वाढवून वंश सुधारावा, या कल्पनेला तिचे इंग्रजी नाव दिले, आणि विसाव्या शतकात त्या कल्पनेच्या आधाराने अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत ‘कमअस्सल’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे झाले.

त्याच सुमारास इथे, पुण्यात, गंज पेठेतल्या एका घरात वेगळेच काही चालले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे, अशी ती सोय होती. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. ज्या मुलाच्या जन्मालाच समाजाने कलंक म्हटले असते, ते मूल सावित्रीबाईंच्या मांडीवर वाढले आणि डॉक्टर झाले. १८९७ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंतरावांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या आणि त्यातूनच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला कळते, आणि यशवंतरावांना काशीबाईंकडून काय काय मिळाले असेल हे कुणीच सांगू शकणार नाही. तरी संगोपनाचा अर्थ विचारणाऱ्या माणसाला मी गाल्टन यांच्या पुस्तकाकडे पाठवण्याआधी गंज पेठेतल्या त्या घराकडे पाठवीन.

आपल्याकडे दुसरी म्हणही आहे, आणि ती मला जास्त विचारी वाटते: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपण ती बहुतेक वेळा वाईट संगतीबद्दल वापरतो, पण तिच्यातला भेद किती नेमका आहे ते पाहण्यासारखे आहे. वाण म्हणजे रंग, अंगचा वर्ण, तो शेजाराने बदलत नाही. गुण मात्र लागतो. म्हणणाऱ्याने दोन्ही गोष्टी मान्य केल्या आहेत. आज शेतकरी बियाण्याच्या जातीलाही वाण म्हणतात. माझे माहेर मावळातले, त्यामुळे ही गोष्ट मला भातावरून लवकर समजते. घरचे राखलेले, थोडेफार मिसळलेले बियाणे एकाच खाचरात लावले, माती, पाणी आणि खत सगळ्यांना सारखे दिले, आणि तरी एक रोप दुसऱ्यापेक्षा उंच झाले, तर तो फरक बियाण्याचा म्हणता येईल. पण तेच बियाणे वरच्या मुरमाड खाचरात आणि खालच्या गाळाच्या खाचरात लावले तर दोन खाचरांमधला फरक जमिनीचा असतो, बियाण्याला त्याचा दोष देता येत नाही. आनुवंशशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी बियांचेच उदाहरण देऊन हा मुद्दा मांडला होता. माणसाची उंची बऱ्याच प्रमाणात आनुवंशिक असते हे खरे, आणि दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली हेही खरे. शंभर वर्षांत बियाणे बदलत नाही, जमीन मात्र बदलते.

बियाणे आणि जमीन यांचे हे नाते किती आतपर्यंत पोचते, हे कॅनडातील मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या कामातून दिसले. काही उंदीरमाता पिलांना खूप चाटतात, काही कमी चाटतात. खूप चाटलेली पिले मोठेपणी संकटात लवकर सावरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिले खूप चाटणाऱ्या आईकडे दिली तर तीही तशीच धीट होतात, आणि त्यांच्या मेंदूतील एका जनुकावरच्या रासायनिक खुणाही बदललेल्या आढळतात. माणूस म्हणजे उंदीर नव्हे आणि माणसांबाबत हे सगळे इतक्या स्वच्छपणे सिद्ध झालेले नाही, म्हणून यावर मी अधिक लिहीत नाही.

मला अधिक लिहायचे आहे ते जन्माआधीच्या संगोपनाबद्दल, कारण त्याबद्दलचे मोलाचे काम आपल्याच जिल्ह्यात झालेले आहे आणि आपल्यालाच ते फारसे माहीत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांना पुढे वर्षानुवर्षे तपासत राहिले. या बाळांचे जन्मवजन सरासरी सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे नुसती लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरलेले होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबी धरून ठेवणारे हे शरीर पुढे मधुमेहाकडे झुकू शकते. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या त्यांची बाळे अधिक भरलेली होती, आणि ज्यांना गरोदरपणात विहिरीचे पाणी आणण्यापासून शेतातल्या कामापर्यंत कष्टाची कामे अधिक करावी लागत होती त्यांची बाळे लहान होती. सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त, अशी जोडी ज्यांच्यात होती त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाच्या दिशेने जाणाऱ्या काही खुणा दिसल्या.

मराठीत मूल ‘वाढते’ आणि पानातही ‘वाढतात’. एकच क्रियापद दोन्हीकडे चालते, आणि या अभ्यासाबद्दल वाचल्यापासून मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. पुण्यात गर्भसंस्काराच्या वर्गांचे फलक जागोजागी दिसतात. गरोदर बाईने चांगले ऐकावे, प्रसन्न राहावे, याला कोण नाही म्हणेल? पण त्या बाईच्या पानात भाजी कितव्यांदा वाढली जाते, सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्यात काय उरते आणि डोक्यावरचा हंडा कुणी उतरवून घेतो का, हे प्रश्न गर्भसंस्कारात सर्वांत आधी यायला हवेत. बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देणाऱ्या आपल्या जुन्या रीतीला आईला आधी पोसावे लागते हे कळलेले होते. मात्र ती रीत बाळंतपणानंतर सुरू होते आणि पाचव्या महिन्यातली सून तोवर पाणी भरत असते.

इथे एक गोष्ट सांभाळून म्हणायला हवी. संगोपनाचे महत्त्व सांगितले की त्याचे ओझे ताबडतोब आईच्या डोक्यावर येते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून तुटलेल्या मुलांचे हाल मांडले, ते खरेच होते, पण त्याचा आधार घेऊन पुढे कित्येक वर्षे नोकरी करणाऱ्या बायकांना दोषी ठरवले गेले. मुलाला चोवीस तास एकच माणूस लागत नाही. त्याला थोडी, पण ठरलेली, ओळखीची आणि उत्तर देणारी माणसे लागतात. आमच्या घरी रात्री दोन वाजताची पाळी माझ्या मुलाची असते आणि नातू त्या वेळी बापाच्याच खांद्यावर शांत होतो. माझ्या मुलांच्या लहानपणी हे दृश्य आमच्या घरात नव्हते, आणि त्यात माझ्या यजमानांचेही काहीतरी हुकले असे मला आता वाटते.

आणि सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळते? सुनेला २०१७ च्या दुरुस्तीमुळे कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शिशुगृहातल्या त्या मावशी कंत्राटावर काम करतात. त्यांची स्वतःची मुलगी चार वर्षांची आहे आणि रात्रपाळी असताना त्या तिला शेजारणीकडे निजवून येत. सकाळी ती अंगणवाडीत जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या या योजनेने देशातल्या गरीब मुलांना जेवढे संगोपन पुरवले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने पुरवले असेल, आणि तरीही अंगणवाडी सेविकेच्या हाती पडते ते वेतन नव्हे, मानधन. ज्या कामावर पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया उभा राहतो, त्याला आपण अजून पगार म्हणायला तयार नाही, याचा मला मनापासून राग येतो.

धाकट्याबद्दल मी शिशुगृहाच्या अधीक्षक बाईंशी बोलले. त्यांनाही काळजी होतीच. सातव्या महिन्यापासून त्यांनी दिवसपाळीत प्रत्येक मावशीला तीन ठरावीक बाळे वाटून दिली, मावशींच्या पाळ्या शक्यतो बदलायच्या नाहीत असे ठरवले आणि दूध मांडीवर घेऊनच पाजायचे असा नियम केला. धाकटा त्याच मावशींच्या वाट्याला आला. त्या रात्रपाळी सोडून दिवसाला आल्या. पहिले तीन आठवडे काहीच बदलले नाही. मग एका मंगळवारी मी गेले तेव्हा मावशी त्याचे पाय पुसत बोलत होत्या आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या बोलायच्या थांबल्या तेव्हा तो घशातल्या घशात काहीतरी म्हणाला. आवाज इतका लहान होता की दाराशी उभ्या असलेल्या मला तो जेमतेम ऐकू आला. मावशींना मात्र स्वच्छ ऐकू आला असावा, कारण त्या न थांबता म्हणाल्या, ‘हो ना, गार आहे ना पाणी?’

अकराव्या महिन्यात मी त्याला उचलून घेतले तर तो मोठ्याने रडला आणि मावशींकडे झेपावला. मावशी ओशाळल्या, म्हणाल्या, ‘बिघडला हो काकू, माझी सवय लागली त्याला.’ मी त्यांना त्याचा अर्थ सांगायचा प्रयत्न केला, पण माझाच आवाज भरून आला आणि ते सांगणे तसेच राहिले.

तेराव्या महिन्यात त्याला घर मिळाले. न्यायला आलेले जोडपे तीन दिवस रोज येऊन बसत होते आणि तीनही दिवस त्याने मावशींच्या खांद्यात तोंड लपवले. चौथ्या दिवशी त्या बाईंच्या हातातला खुळखुळा घ्यायला तो आपण होऊन रांगत गेला. निघताना मावशी त्यांना सांगत होत्या की दूध त्याला कोमट चालत नाही, थोडे गरमच लागते, डोक्यावरून झबले काढताना आधी सांगा, नाहीतर घाबरतो, झोप येत नसेल तर डावा कान हळू चोळा, उजवा नाही, डावाच. त्या बाईंनी पर्समधून वही काढली होती आणि त्या एकेक वाक्य लिहून घेत होत्या, मध्ये एकदा थांबून त्यांनी विचारले, ‘डावा म्हणजे त्याचा डावा ना?’ आणि मावशींनी त्याला कडेवर तसाच धरून, आपल्या बोटाने, कोणता कान ते दाखवले.